मूळ जपा, मग प्रत वाटा

छायाचित्र काढले की तो क्षण कायमचा जतन झाला, असा आपला समज असतो. हा समज किती अपुरा आहे, हे मला माझ्याच चुकीने शिकविले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आजोबांचा अमृतमहोत्सव झाला. कॅमेरा माझ्या हाती होता. कार्डावर अधिक छायाचित्रे मावावीत म्हणून मी ‘रॉ’ हा पर्याय बंद करून केवळ ‘जेपेग’ ठेवला. आजोबा खिडकीकडे पाठ करून बसले होते. त्यामुळे त्यांचा चेहरा काळवंडला. पुढे सहा महिन्यांनी ते गेले. भिंतीवर लावण्यासाठी तो चेहरा संगणकावर उजळावयास गेलो, तो गालांवर चौकोनी डाग उमटले. आजोबांचे ते मंद हास्य काही हाती लागले नाही.

असे का व्हावे? कॅमेऱ्यातील संवेदक प्रत्येक बिंदूवर पडलेला प्रकाश मोजतो. रॉ फाइलीत ही मोजमापे जवळजवळ जशीच्या तशी राहतात. १४ बिटांच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या नोंदविता येतात. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ च. शिवाय जेपेग करताना कॅमेरा रंगछटा स्वतःच ठरवितो, चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतो आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतो. रॉ म्हणजे तांदूळ, जेपेग म्हणजे भात. भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत!

मग जेपेग टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. १९९२ साली प्रमाण ठरलेल्या या पद्धतीच्या मुळाशी असलेले गणित बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. परगावच्या आप्तांना क्षणात छायाचित्र पोहोचते, ते या आटोपशीरपणामुळेच.

कोणी म्हणेल, रॉ फाइली मोठ्या असतात व प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. हे खरे आहे. म्हणूनच २००४ मध्ये अॅडोबीने ‘डीएनजी’ हे खुले स्वरूप पुढे आणले. रॉ म्हणजे जादूही नव्हे. हात हलल्याने अस्पष्ट झालेले किंवा अतिप्रकाशाने पार पांढरे पडलेले चित्र तिनेही सुधारत नाही.

तरीही माझे मत ठाम आहे. सहलीतील गमतीजमतींना जेपेग पुरे. परंतु जे प्रसंग पुन्हा येणार नाहीत, त्यांची रॉ फाइल अवश्य ठेवावी. रॉची सोय असलेले बहुतेक कॅमेरे दोन्ही फाइली एकाच वेळी साठवितात. मूळ घरात जपावे, प्रत सर्वांना वाटावी. कार्डावरची जागा पैशांनी पुन्हा मिळते. आजोबांचे हास्य मिळत नाही.

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी