भरवशाची अडचण

औषधाच्या दुकानात गर्दी पांगेपर्यंत खोकल्याच्या गोळ्या न्याहाळत उभा राहणारा गृहस्थ आणि न सांगताच पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून देणारा दुकानदार, हे दृश्य जुनंच. खरी पंचाईत घरी होते. सरकारने १९६८मध्ये ‘निरोध’ हा कंडोम स्वस्तात बाजारात आणला. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहितांमध्ये कंडोमचा वापर जेमतेम ९.५ टक्के निघाला. स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३! (ऑपरेशन कुणी करून घ्यायचं, हे बहुतेक घरांत न बोलताच ठरलेलं असतं.) बायकोने पाकीट पुढे केलं तर ‘माझ्यावर संशय आहे का?’ नवऱ्याने स्वतःहून आणलं तर ‘बाहेर काही चाललंय का?’ पाळणा लांबवायला चालतं ते रोग टाळायला म्हटलं की अपमान होतो. भरवशाची हीच अडचण लग्नाबाहेरही दिसते. सांगलीत ‘संग्राम’ ही संस्था नव्वदच्या दशकापासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते. या धंद्यात ठिकठिकाणी एक गोष्ट दिसते: कंडोमशिवाय आलेल्या गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवणारी बाई आपल्या ‘मालका’पुढे, म्हणजे कायमच्या जोडीदारापुढे, मात्र तो हट्ट धरत नाही. त्याच्याशीही कंडोम वापरला, तर तो गिऱ्हाइकापेक्षा वेगळा कसा उरणार?