फोनमधला माळा

मैत्रिणींनो, दिवाळी तोंडावर आली की आपण पदर खोचून माळा आवरायला काढतो. झाकण हरवलेले डबे, दांडा निखळलेला झारा, ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या पिशव्या. पण दिवसभर हातात असतो त्या फोनमधला माळा कधी आवरलात का?

मीही आवरला नव्हता. डोळे उघडले ते वेल्ह्याला.

आम्ही भोरचे. धाकटी जाऊ वेल्ह्याला, तोरण्याच्या पायथ्याशी असते. 2025 ची दिवाळी उरकली आणि कापूरव्होळ, नसरापूर करत एसटीनं तिच्याकडे गेले. अंगणात इंद्रायणी वाळत घातलेली, आणि फडताळात डब्यामागे लपवलेला फोन सारखा टिंग टिंग करत होता. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस!’, ‘बक्षीस लागलं!’, ‘ताबडतोब इथे दाबा!’

“ताई, हा फोन बिघडलाय,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “लाडकी बहीणचं ई-केवायसी करायला बसले, तर पान उघडेपर्यंत चहा थंड होतो. मधेच भलतंच पान आलं आणि बँक खात्याचा नंबर मागायला लागलं.” नंबर ती टाकणारच होती. पासबुक कपाटात होतं आणि किल्ली सापडेना, म्हणून वाचली.

फोन हातात घेतला आणि माझीच मान खाली गेली. सहा महिन्यांपूर्वी तिनं मला विचारलं होतं, “लोणच्याची कृती वाचतेय, तर ‘परवानगी द्या’ असं येतंय. काय करू?” मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, “दे गं, त्याशिवाय उघडायचं नाही.” साफ चूक! ती परवानगी कृती वाचण्याची नव्हतीच. पुढे केव्हाही आपल्या फोनवर निरोप धाडण्याची होती. बोहारणीशी एकदा सौदा केला म्हणून ती रोज दुपारी थेट माजघरात येऊन बसली तर चालेल का? इथे तर आपणच दार उघडून दिलं होतं. ते ‘व्हायरस’चे इशारे फोनचे नव्हतेच, त्याच आगंतुकांचे होते.

पण दिलेली परवानगी काढून घेता येते. अर्ध्या तासाचं काम. बहुतेकींच्या फोनवर क्रोम असतं, म्हणून त्याचंच सांगते. नावं थोडी इकडेतिकडे होतील, पण वाट हीच.

1. परवानग्या : क्रोम उघडा. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, मग सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. कुणाकुणाला हो म्हटलं त्यांची यादी दिसेल. तांदूळ निवडतो तसे खडे वेचा. नाव दाबा आणि परवानगी बंद करा. वरचं मुख्य बटण बंद केलंत तर पुन्हा कुणी विचारायलाही येणार नाही. साइट सेटिंग्जच्या पानावर लोकेशन, कॅमेरा आणि मायक्रोफोन यांच्या याद्याही बघून घ्या. पॉप-अप बंदच असू द्या.

2. उघडी पानं : वरच्या चौकोनातला आकडा म्हणजे उघडी ठेवलेली पानं. ती शंभरावर गेली की क्रोम आकडा दाखवणं सोडून हसरा चेहरा दाखवतं. जावेच्या फोनवर तो चेहराच हसत होता! लागतील तेवढी ठेवून बाकीची मिटा.

3. साठलेली चित्रं : एकदा पाहिलेल्या पानांची चित्रं फोन साठवून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पान लवकर उघडतं. यालाच ‘कॅशे’ म्हणतात. फोन अगदी भरला किंवा पान अर्धवट उघडू लागलं, तर हे साफ करा. रोज मात्र नको. कुटून ठेवलेला मसाला रोज फेकून पुन्हा कुटत बसण्यासारखं होतं ते. डोंगराआड रेंज कमी असते, तिथे तर उलट वेळच जातो.

4. नव्या पानावरच्या बातम्या : नवं पान उघडताच खाली बातम्यांची रांग लागते. मथळ्याजवळच ती बंद करायची सोय असते. नको असेल तर बंद करा. डेटाही वाचतो.

5. चांदणी : नेहमी लागणारी पानं, म्हणजे सातबाऱ्याचं महाभूलेख, वीजबिल, एसटीचं आरक्षण, एकदा नीट पत्ता पाहून उघडा आणि चांदणी दाबून जपून ठेवा. पुढच्या वेळी शोधत बसू नका, कारण शोधताना सगळ्यात वर येतं ते खरंच असतं असं नाही. बहुतेक सरकारी पत्त्यांच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतं, तेही बघा.

आता काय करू नये तेही ऐका. साफ करताना ‘पासवर्ड’वर खूण करू नका, नाहीतर साठवलेले सगळे जातील. ‘कुकीज’ पुसल्या की प्रत्येक ठिकाणी पुन्हा नाव-पासवर्ड द्यावा लागतो, तेव्हा ते लिहून ठेवले नसतील तर त्या राहू द्या. आणि ‘फोन साफ करून देतो’ म्हणणारं नवं ॲप घेऊ नका. माळा आवरायला आणखी एक पेटी कशाला? चुकून पैसे गेलेच, तर लाजेनं गप्प बसू नका. लगेच 1930 या नंबरवर कळवा.

जावेच्या यादीतून तेवीस नावं निघाली. टिंग टिंग थांबलं. रेंज काही वाढली नाही, ती आपल्या हातात नाही. पण पान पूर्वीपेक्षा लवकर उघडू लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पत्ता नीट वाचून खरं पान उघडलं, आधार नंबर टाकला, ओटीपी टाकला. नवऱ्याच्या आधारचाही ओटीपी लागत होता, म्हणून भावोजींना खाचरातून बोलावलं. ते सवयीनं म्हणाले, “आण इकडे, मी करतो.”

“तुम्ही फक्त आकडे सांगा,” ती म्हणाली, आणि फोन काही हातातून सोडला नाही.

भोरला परतताना एसटीत बसल्या बसल्या मी माझ्या फोनची यादी उघडली. किती नावं निघाली ते विचारू नका. तुमची तेवढी आज दुपारी मोजा!