चाचणी प्राण्यांविना, पोषण मात्र वासराच्या रक्तावर

करोनाच्या दुसऱ्या लाटेतून देश नुकताच सावरत होता. जून २०२१ मध्ये माहिती अधिकारात मिळालेल्या एका उत्तराचा हवाला देत समाजमाध्यमांवर बोभाटा झाला की, ‘कोव्हॅक्सिन’ लशीत वासराचे रक्त आहे. १६ जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला. नवजात वासराचे सीरम हे फक्त व्हेरो पेशी वाढवण्यासाठी वापरले जाते, त्यानंतर त्या पेशी पाण्याने आणि रसायनांनी अनेकदा धुतल्या जातात आणि तयार लशीत सीरम मुळीच नसते, असे त्यात म्हटले होते. खुलासा बरोबर होता. पोलिओ आणि रेबीजच्या लशींसाठीही ही पद्धत कित्येक दशके वापरात आहे. वाद चार दिवसांत विझला. मात्र त्या गदारोळात विचारायला हवा होता तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. पेशी वाढवायला वासराचे रक्त लागते तरी कशाला?

तो प्रश्न आता वेगळ्या दाराने परत आला आहे. नव्या औषधांची चाचणी माणसांवर करण्याआधी ती उंदीर, ससे, कुत्रे यांच्यावर करावी लागे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून ही सक्ती काढली. भारताने मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे व वैद्यकीय चाचणीविषयक नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींपासून केलेल्या प्रतिरूपांना वाट मोकळी केली. पेशींचे छोटे गोळे वाढवून केलेली ‘ऑर्गनॉइड’ आणि बोटभर पट्टीवरची ‘अवयव-चिप’ ही त्यातली ठळक नावे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रतिपिंड-औषधांसाठी प्राण्यांवरील चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडाही जाहीर केला. प्राणिप्रेमींनी स्वागत केले, औषध कंपन्यांनीही केले. पण प्रयोगशाळेचे शीतकपाट उघडले, तर या ‘प्राण्यांविना’ पद्धतींचे अन्न म्हणून बहुतेक वेळा एकच बाटली दिसते. ती असते एफबीएसची, म्हणजे फीटल बोवाइन सीरमची. गर्भातल्या वासराच्या रक्तातील गोठणारा भाग आणि पेशी काढून टाकल्यावर उरणारा हा पिवळसर द्रव. ऑर्गनॉइडना आधार देणारी जेलीही बहुधा उंदराच्या गाठीतून काढलेली असते.

हे सीरम मिळते कसे, हे वाचायला सुखद नाही. कत्तलखान्यात आलेली गाय गाभण निघाली, तर गर्भाशय बाजूला काढून आतल्या वासराच्या थेट हृदयात सुई घालून रक्त ओढले जाते. तीन महिन्यांच्या गर्भातून साधारण दीडशे मिलिलिटर, सहा महिन्यांच्या गर्भातून साडेतीनशे मिलिलिटर कच्चे सीरम मिळते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००२ मध्ये अंदाज मांडला होता की, जगात दरवर्षी सुमारे पाच लाख लिटर कच्चे सीरम गोळा होते आणि त्यासाठी दहा लाखांहून अधिक गर्भ लागतात. गाय सीरमसाठी कापली जात नाही; सीरम हे मांस आणि दुग्ध व्यवसायाचे उपउत्पादन आहे, असा बचाव केला जातो आणि तो खोटा नाही. पण त्यातूनच दुसरी अडचण उभी राहते. सीरमचा पुरवठा संशोधनाच्या गरजेवर ठरत नाही. तो दूरदेशीच्या दुष्काळावर, गोमांसाच्या भावावर आणि जनावरांच्या साथीवर ठरतो.

गर्भातलेच वासरू का, याचे उत्तर गोठ्यात मिळते. गाय व्यायली की वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजावाच लागतो, कारण गायीच्या वारेतून प्रतिपिंडे वासराकडे जात नाहीत. ती चिकातूनच मिळतात. म्हणून जन्माआधीच्या वासराच्या रक्तात प्रतिपिंडे जवळपास नसतात. बशीतल्या परक्या पेशींवर ते रक्त हल्ला करत नाही. उलट गर्भ झपाट्याने वाढत असल्याने पेशींना वाढायला सांगणारी प्रथिने त्यात भरपूर असतात. अमेरिकेतील डेन्व्हरमध्ये थिओडोर पक यांच्या प्रयोगशाळेने १९५८ मध्ये हे सीरम वापरात आणले. त्याच सुमारास हॅरी ईगल यांनी पेशींना लागणारी अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, क्षार आणि साखर यांचे नेमके पोषणद्रव बांधले. पण ते एकटे पुरत नसे. वरून थोडे सीरम घालावे लागे. नऊ भाग पोषणद्रव आणि एक भाग सीरम ही कृती तेव्हापासून विद्यार्थी एकमेकांकडून शिकत आले आहेत. स्वयंपाकघरातल्या ‘चवीपुरते मीठ’ इतकी ती अंगवळणी पडली आहे.

या एक दशांशातच सगळी मेख आहे. सीरममध्ये शेकडो प्रथिने, संप्रेरके, मेदद्रव्ये असतात आणि त्यांची पूर्ण यादी कुणाकडेच नाही. एका खेपेतली बाटली दुसऱ्या खेपेसारखी नसते. म्हणून प्रयोगशाळा तीन-चार खेपांचे नमुने मागवतात, ज्यात पेशी खूश दिसतात ती खेप निवडतात आणि वर्षाचा साठा एकदम राखून ठेवतात. शास्त्रीय काटेकोरपणाचा अभिमान बाळगणाऱ्या क्षेत्रात ही पद्धत बाजारात आंबा हुंगून घेण्यापेक्षा फार वेगळी नाही. त्यात भेसळही होते. १९९४ मध्ये न्यूझीलंडचे म्हणून जगात सुमारे तीस हजार लिटर सीरम विकले गेले, तर त्या देशात त्या दर्जाचे गोळा झाले होते त्याच्या निम्मेच. २०१३ मध्ये ऑस्ट्रियातील एका उत्पादकाच्या सीरममध्ये मोठ्या गायींचे अल्ब्युमिन, पाणी आणि वाढीला चालना देणारे पदार्थ मिसळल्याचे उघड झाले. ती बाटली वापरून छापलेले निष्कर्ष किती आणि त्यांतले खरे किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

पेशीला काय खाऊ घातले यावर औषधाचा निकाल बदलतो, ही कल्पना नाही. अमेरिकेतील व्हाइटहेड संस्थेत जेसन कँटर, डेव्हिड सॅबॅटिनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मानवी रक्तद्रवाशी मिळतेजुळते पोषणद्रव तयार केले. त्यात युरिक आम्ल होते. माणसाच्या रक्तात ते भरपूर असते. उंदराच्या रक्तात फार थोडे, कारण ते मोडणारे विकर उंदराकडे आहे आणि माणसाने ते उत्क्रांतीत गमावले आहे. जुन्या पोषणद्रवांत तर ते घालतच नसत. या युरिक आम्लामुळे पेशींतले एक विकर मंदावले आणि ‘५-फ्लुओरोयुरॅसिल’ या औषधाला कर्करोगाच्या पेशी कमी दाद देऊ लागल्या. हे औषध मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आजही जगभर दिले जाते. उंदीर वगळून मानवी पेशींवर चाचणी करायची आणि त्या पेशींना गायीच्या पोटातले अन्न द्यायचे, याने उत्तर माणसाच्या किती जवळ येईल, असा हा प्रश्न आहे. गंमत अशी की, या नव्या द्रवातही त्या संशोधकांनी गर्भातल्या वासराचे सीरम घातलेच होते, लहान रेणू गाळून टाकून. त्याशिवाय पेशी वाढल्या नसत्या.

म्हणजे सीरम सुटणारच नाही का? औषध उद्योगाने या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन टाकले आहे. पक यांनीच १९५७ मध्ये चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून पेशींची एक जात तयार केली होती. कर्करोग आणि संधिवातावरची अनेक प्रतिपिंड-औषधे आज त्याच पेशींत बनतात आणि त्या पेशी सीरमचा थेंबही न घेता हजारो लिटरच्या टाक्यांत वाढतात. हे भूतदयेतून घडले नाही. ब्रिटनमध्ये गायींना ‘मॅड काऊ’ रोगाने ग्रासले आणि १९९६ मध्ये त्याचा माणसातील अवतार समोर आला. तेव्हा गायीच्या पदार्थांबाबत नियामकांनी कडक धोरण घेतले आणि कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. व्हेरो पेशीही सीरमविना वाढतात. २००९ मध्ये युरोपात मान्यता मिळालेली स्वाइन फ्लूची एक लस तशीच बनली होती. भीती आणि नियम दोन्ही एकत्र आले की विज्ञान पटकन वाट काढते, असे या इतिहासावरून दिसते.

मूलपेशींची कथा अधिक शिकवणारी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये पोषणद्रवातला एकेक घटक काढून पाहिला. गायीचे अल्ब्युमिन अत्यावश्यक मानले जाई. प्रत्यक्षात ते लागत होते ते त्याच द्रवातल्या दुसऱ्या एका रसायनाचा त्रास उतरवण्यासाठी! ते रसायन काढले आणि अल्ब्युमिनचीही गरज संपली. शेवटी मूळ द्रव धरून फक्त आठ घटक उरले: क्षार-साखर-अमिनो आम्लांचा पाया, इन्सुलिन, लोहवाहक ट्रान्सफेरिन, सेलेनियम, ‘क’ जीवनसत्त्व, सोडियम बायकार्बोनेट आणि वाढीची दोन प्रथिने. यादी सर्वांसाठी खुली. महाग होती ती वाढीची प्रथिने, आणि त्यांतले एक ३७ अंशांना लवकर निकामी होते म्हणून द्रव रोज बदलावा लागे. रविवारीही. २०२० मध्ये शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील गटाने ही प्रथिने जिवाणूंकडून स्वतःच बनवून घेतली, उष्णतेत टिकणारी आवृत्ती वापरली आणि कृती प्रसिद्ध केली. खर्च बाजारभावाच्या अगदी लहानशा हिश्श्यावर आला आणि विद्यार्थ्यांची शनिवार-रविवारची खेपही वाचली.

पुढचे पाऊल टफ्ट्स विद्यापीठात पडले. गायीच्या स्नायूपेशींसाठी २०२२ मध्ये त्याच द्रवात कृत्रिमरीत्या बनवलेले अल्ब्युमिन घातले गेले आणि पुढच्याच वर्षी त्याजागी मोहरीच्या कुळातील रेपसीडचे प्रथिन वापरून पाहिले गेले. तेही चालले. चीनमधील वुहान विद्यापीठाने तर मानवी अल्ब्युमिन भाताच्या दाण्यात पिकवल्याचे २०११ मध्येच दाखवले होते. या कामाला वेग आला तो प्रयोगशाळेतल्या मांसामुळे. सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये अशा कोंबडीला जगात प्रथम परवानगी दिली, पण तिच्या पेशी वाढवताना गर्भाचे सीरम वापरले जात होते. कत्तलीला पर्याय म्हणवणाऱ्या मांसाची मुळे कत्तलखान्यात असावीत, हे ग्राहकाला पटवणे अवघडच. जानेवारी २०२३ मध्ये तिथे सीरमविना उत्पादनालाही मान्यता मिळाली.

मग विद्यापीठांच्या प्रयोगशाळा का बदलत नाहीत? पैसा हे एक कारण आहे, पण मुख्य कारण नसावे. पेशींना सीरमपासून तोडावे लागते, अंगावरचे दूध तोडावे तसे. आज पाऊण भाग जुने, आठवड्याने निम्मे, मग पाव. काही जाती रुसतात, काही मरतात, काहींचा स्वभावच बदलतो. यात काही महिने जातात आणि त्या महिन्यांतून शोधनिबंध निघत नाही. शिवाय तीस वर्षांची जुनी माहिती सीरममधली असते, तिच्याशी तुलना कशी करायची? बाजारात ‘सीरमविरहित’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच द्रवांची घटकयादी कंपन्या व्यापारी गुपित म्हणून देत नाहीत. एक अज्ञात मिश्रण टाकून दुसरे अज्ञात, आणि तेही एकाच कंपनीवर अवलंबून, घेण्यात शास्त्राचा फायदा थोडाच आहे. म्हणून ‘प्राणिजन्य नाही’ याइतकेच ‘घटक जाहीर आहेत’ हेही तपासायला हवे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत सीरममुक्त, घटक ठाऊक असलेल्या द्रवांकडे वळण्याचा सल्ला दिला आहे. पण सल्ला हा सल्लाच असतो.

भारतात या विषयाला आणखी एक पदर आहे. बहुतेक राज्यांत गोहत्याबंदी आहे, तरी संशोधनातले सीरम मुख्यतः परदेशातून, कोरड्या बर्फात गोठून येते. म्हणजे पाप सीमेपलीकडे आणि बिल इथे. लहान महाविद्यालयाच्या वार्षिक अनुदानाचा मोठा घास ते खाते. इथे करता येण्याजोगे पुष्कळ आहे. जिवाणूंकडून प्रथिने बनवून घेण्याचे तंत्र देशातल्या औषध कंपन्यांना नवे नाही. इन्सुलिन तर इथे मोठ्या प्रमाणावर बनते. रक्तपेढ्यांत प्लेटलेट पाचच दिवस टिकतात आणि मुदत उलटलेल्या पिशव्या टाकून दिल्या जातात. त्या गोठवून-वितळवून काढलेला अर्क मूलपेशींना चांगला मानवतो. अर्थात त्यातही दात्यागणिक फरक पडतो, जंतुसंसर्गाची तपासणी लागते; तो मधला टप्पा आहे. हैदराबादच्या सीसीएमबीला आणि तेथील राष्ट्रीय मांस संशोधन केंद्राला २०१९ मध्ये पेशींपासून मांस बनवण्याच्या संशोधनासाठी केंद्राचा निधी मिळाला, तेव्हाही स्वस्त पोषणद्रव हाच कळीचा मुद्दा होता.

बदलाची सोपी जागा मात्र पुण्यात आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीपेढीतून देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशींच्या जाती पुरवल्या जातात. पेशी कुठूनही आली तरी तिच्याबरोबर ती कशावर वाढवायची याची सूचना येते आणि नवा विद्यार्थी तीच वर्षानुवर्षे पाळतो. नेहमीच्या वीस-तीस जाती एकदाच, सरकारी खर्चाने, सीरमपासून तोडून त्यांची खुली कृती सोबत दिली, तर प्रत्येक प्रयोगशाळेला ते महिने स्वतंत्रपणे खर्चावे लागणार नाहीत. औषध नियामकाला तर त्याहून कमी करावे लागेल. पेशींवर केलेल्या चाचणीच्या अहवालात पोषणद्रवाचे घटक आणि सीरम असल्यास त्याची खेप लिहिणे बंधनकारक करायचे. २०२३ च्या दुरुस्तीत अवयव-चिपचे नाव आहे. त्या चिपमधल्या पेशी कशावर जगवायच्या, याबद्दल त्यात एक शब्दही नाही.