परगावच्या नोकरीचा हिशेब

नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या तरुणाला पुण्यातील नोकरीचे पत्र आले की घरात चर्चा होते ती एकाच आकड्याची. वाढ घसघशीत दिसते आणि पेढे वाटले जातात. परंतु पगाराचा आकडा व पगाराची क्रयशक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा नेमका याच वेळी विसरला जातो. त्याचा लाभ अर्थातच मालकाच्या पदरात पडतो.

समजा, नांदेडला घरी राहून दरमहा २५,००० रुपये हाती येणाऱ्याला पुण्यात ३५,००० रुपये देऊ केले. खोलीभाडे ८,०००, खानावळ ४,०००, बसभाडे व गावी जाणे-येणे २,००० धरले, तर नवा खर्च १४,००० होतो. घरी खाण्यापिण्याचे ३,००० वाचले असे मानले, तरी निव्वळ बोजा ११,०००! दहा हजारांची वाढ मिळवून हा तरुण दरमहा एक हजाराने गरीब होतो. आणि खोलीच्या अनामत रकमेसाठी काढलेले कर्ज वेगळेच.

त्यातही पत्रात लिहिलेला आकडा बहुधा ‘सीटीसी’चा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा, सामान्यतः पाच वर्षांनंतर मिळणारी ग्रॅच्युइटी, कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस, हे सारे त्यात मिसळलेले असते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा: मूळ वेतन किती, आणि हातात नक्की किती पडणार?

शहराची महागाई वेतनात मोजली पाहिजे, हे तत्त्व नवे नाही. केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या ३०, २० व १० टक्के ठरविला. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, नागपूर-नाशिक दुसऱ्या. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनेही किमान वेतनाच्या गणितात अन्न-वस्त्राबरोबर घरभाडे धरले होते. जे सरकारी नोकराला नियमाने मिळते, ते खासगी नोकराने मागितले तर तो हावरटपणा कसा ठरतो?

कायद्याची दिशा मात्र उलटी आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारामार्फत परराज्यात नेलेल्या कामगाराला प्रवासभत्त्याखेरीज मासिक वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता देऊ केला होता. अंमलबजावणी दुबळी होती हे खरे. परंतु गाव सोडण्याची किंमत कामगाराने एकट्याने सोसू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांमध्ये प्रवासभत्ता उरला, विस्थापन भत्ता गेला.

मालक व मजूर यांच्या करारात मालक अधिक काळ तग धरू शकतो, हे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच नोंदविले होते. कामगारांचा कैवारी म्हणून तो प्रसिद्ध नव्हता! म्हणूनच एकट्याची घासाघीस तोकडी पडते. तरीही ती केलीच पाहिजे. प्रवास व सामानाचा खर्च, अनामतीसाठी बिनव्याजी उचल, पहिल्या महिन्याच्या निवासाची सोय, सहा महिन्यांनी वेतनाचा फेरविचार, या मागण्या रुजू होण्यापूर्वी कराव्यात आणि मान्य झालेली प्रत्येक गोष्ट नेमणूकपत्रात लिहून घ्यावी. हातची नोकरी सोडल्यावर बोलणी करणाऱ्याच्या शब्दाला वजन उरत नाही.

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. ‘पगार कोणाला सांगायचा नसतो’ ही शिकवण मालकाच्या सोयीची आहे. शेजारच्या टेबलावरील माणसाला किती मिळते हे ठाऊक नसणाराच स्वस्तात विकला जातो. प्रत्येक तालुका कार्यालयाने पुण्या-मुंबईतील खोलीभाडे, खानावळीचे दर आणि निरनिराळ्या कामांचे प्रत्यक्ष पगार यांची एक वही ठेवावी. तिथे गेलेल्यांनी दर सहा महिन्यांनी तीत भर घालावी. गाव सोडणाऱ्या मुलाच्या हाती पेढ्यांच्या पुड्याबरोबर ही माहितीही पडली, तर तो बोलणी करायला एकटा गेला तरी एकाकी नसेल. संघटनेची सुरुवात अशीच होत असते.