कानातली गिरणी

आमच्या कोगनोळीत रात्रीसुद्धा पूर्ण शांतता नसते. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे ट्रक चालूच असतात. तरीही दोन वर्षांपूर्वी एका रात्री मी यजमानांना हलवून उठवलं, "अहो, गिरणी बंद करायची राहिली का?" गिरणी केव्हाच बंद होती. आवाज माझ्या कानातच होता.

पिठाची गिरणी आमच्या घराला लागूनच. पंचवीस वर्षं त्या खडखडाटात मी दळणं घेतली. सून गोकाककडची, ती म्हणाली, "अत्ती, इदु किवी मोरेत." मोरेत म्हणजे गाज, समुद्राची असते तशी. आपण 'कान वाजतो' म्हणतो, वैद्य कर्णनाद म्हणतात. पण मला सुनेचाच शब्द पटला.

शेजारणीनं लसणीचं कोमट तेल आणून दिलं होतं. सुनेनं ते घालू दिलं नाही, हे बरंच झालं. कोल्हापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी श्रवणाची तपासणी करून सांगितलं, की मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या बारीक पेशी मेल्यात, त्या पुन्हा येत नाहीत. तिथून येणारा आवाज कमी झाला, की मेंदू आपलं बटण वाढवतो. स्टेशन नीट लागलं नाही की रेडिओ मोठा करावा आणि खरखरच ऐकू यावी, तसं. गुंगुं थांबवणारी गोळी नाही म्हणाले. परतताना एसटीत मी पदर तोंडाला लावून रडले.

पण त्यांनी एक युक्ती दिली होती. शांत खोलीत झोपायचं नाही. दुसरा मऊ आवाज लावायचा, कानातल्यापेक्षा जरासा कमीच. तो बुडवायचा नाही, मेंदूला सवय लागू द्यायची. इअरफोन नको, आवाज फडताळावर ठेवायचा.

आधी तानपुरा लावला. मिरज जवळ, म्हणून अभिमानानं! पण मी सुरांकडेच लक्ष देत बसायची, झोप कुठली? मग नातवानं जुलैत आमच्याच पत्र्यावरचा पाऊस मोबाईलवर भरून घेतला. तो लागला. तिसऱ्या आठवड्यात मी सलग पाच तास झोपले. यजमानांना मात्र पावसाच्या आवाजानं सारखं उठावं लागतं. ते सोप्यात झोपतात.

एक सांगते, आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, किंवा ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर पाऊस-तानपुरा बाजूला ठेवा. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात दिवस गेले की उपचाराचा उपयोग कमी होतो. आणि बहिरेपण असेल तर मशिनची लाज नको. त्यानंही पुष्कळांची गुंगुं कमी होते.

यजमान आता गिरणीत कानात बोळे घालतात. गिऱ्हाईक ओरडतं, त्यांना ऐकू येत नाही, मग मीच बाहेर येते.

गेल्या आठवड्यात रात्री वीज गेली, मोबाईलही संपलेला. कान गर्जायला लागले. अंधारात नातू उठला, स्वयंपाकघरातून परात आणली आणि माझ्या उशाशी बसून बोटांनी हळूहळू वाजवत राहिला. "आज्जी, जोराचा करू, का भुरभुर?"

"भुरभुर," मी म्हटलं.