शब्दांचे सांधे

बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावावर फेसाचे ढीग साचले, २०१५ व २०१७ साली तेथे आगही भडकली. अशा तलावांविषयीच्या इंग्रजी लेखांत एक अवजड शब्द हटकून भेटतो: यूट्रोफिकेशन. तो मोठ्याने वाचताना मूल अडखळते. आपल्यालाही तो नीटसा येत नसतो, म्हणून ‘पुढे वाच’ असे सांगून आपण सुटका करून घेतो.

वाचकहो, तसे करू नका. प्रथम उच्चाराचे अवयव पाडा: यू–ट्र–फि–के–शन. ‘शन’ने संपणाऱ्या अशा शब्दांत आघात त्याच्या लगतच्या आधीच्या अवयवावर येतो, येथे ‘के’वर, पोल्यूशनमध्ये ‘ल्यू’वर. मराठीच्या सवयीने आपण साऱ्या अवयवांना जवळपास सारखेच वजन देतो. इंग्रजीत एकावर जोर देऊन बाकीचे हलके सोडावे लागतात.

आता अर्थाचे घटक पाहा. हे तुकडे उच्चाराच्या तुकड्यांशी जुळतातच असे नाही. ग्रीक ‘यू’ म्हणजे आपला ‘सु’, आणि ‘ट्रोफे’ म्हणजे पोषण. जणू सुपोषणच! पण तलावाला ते मानवत नाही. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद मिळून शेवाळ आणि जलपर्णी माजतात. त्या कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे मरतात. एवढे उलगडून सांगितले की मूल तो शब्द सहसा विसरत नाही.

आणि बेळ्ळंदूर? बेळ्–ळं–दूर. इंग्रजी पाटी वाचणारा परका पाहुणा त्यातला ‘ळ’ हरवून बसतो; कन्नड आणि मराठी मुलांना तो घरीच मिळालेला असतो.