विश्लेषण : घरी बनवलेले विमान सोलापूरच्या उन्हात थंड कसे राहणार?

विमान उडवायला ताकदीचे इंजिन लागते, हे सगळ्यांना माहीत असते. पण ते इंजिन थंड ठेवण्यासाठी हवा कुठून आत घ्यायची आणि कुठून बाहेर काढायची, हा प्रश्न घरगुती विमानांच्या चर्चेत फारसा येत नाही. सोलापूरसारख्या उष्ण शहरात तर हाच प्रश्न आधी सोडवायला हवा.

मे महिन्यातली दुपार. सात रस्ता चौकात सिग्नलला गाड्या थांबलेल्या असतात. एखाद्या जुन्या जीपचा टेम्परेचरचा काटा हळूहळू लाल पट्ट्याकडे सरकतो. सिग्नल सुटतो, गाडी विजापूर रोडला लागते आणि दोन मिनिटांत काटा खाली येतो. चालकाने काहीच केलेले नसते. गाडी पळू लागली, रेडिएटरमधून हवा वाहू लागली, इतकेच.

आता हीच जीप चढावर आहे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आहे, वेग कमी आहे आणि थांबायला जागा नाही, अशी कल्पना करा. घरी बनवलेल्या छोट्या विमानाची उड्डाणानंतरची पहिली पाच मिनिटे नेमकी अशी असतात.

हा विषय आत्ता कशासाठी?

सोलापूरकरांनी विमानाचा विषय अनेक वर्षे चघळला. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. ९ जून २०२५ रोजी होटगी रोड विमानतळावरून गोव्याचे विमान सुरू झाले. डोक्यावरून विमान जाऊ लागले की पोरांच्या मनात ते बनवण्याची इच्छाही जागी होते. घरी विमान बनवणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाण चाचणीची परवानगी मिळाली.

या प्रवासाची जी चर्चा झाली ती जिद्दीची, गच्चीची, परवानग्यांची आणि सत्काराची. ती व्हायलाच हवी होती. पण पुढच्या पिढीला विमान बनवायचे असेल तर तिला जिद्दीच्या गोष्टीसोबत हवेचा हिशोबही हातात द्यावा लागेल.

इंजिनातून किती उष्णता बाहेर टाकावी लागते?

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा पंखा फिरवण्याच्या कामी येते. एक तृतीयांश सायलेन्सरमधून गरम वायू बनून जाते. उरलेली इंजिनाच्या धातूत, तेलात आणि कूलंटमध्ये शिरते. ती बाहेर काढली नाही तर इंजिन जळते.

जगभरातल्या छोट्या विमानांत सर्वाधिक दिसणाऱ्या इंजिनांपैकी एक म्हणजे ऑस्ट्रियाचे रोटॅक्स ९१२. एनसीसीच्या छात्रांना उडवणाऱ्या पिपिस्ट्रेल व्हायरस या मायक्रोलाइट विमानात ते आहे. बंगळुरूच्या एनएएल संस्थेच्या ‘हंसा’ विमानांतही याच घराण्यातली इंजिने बसवली गेली. या इंजिनाचे सिलिंडर हवेने, त्यांची वरची हेडे कूलंटने आणि तेल वेगळ्या कूलरमध्ये थंड होते. म्हणजे हवेचे तीन वेगवेगळे रस्ते सांभाळायचे.

१०० अश्वशक्तीचे असे इंजिन पूर्ण ताकदीने चालते तेव्हा केवळ कूलंटमधून साधारण २५ ते ३० किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. न्हाणीघरातला छोटा इन्स्टंट गिझर ३ किलोवॅटचा असतो. असे नऊ-दहा गिझर एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांची सगळी उष्णता सुटकेसएवढ्या जाळीतून हवेला द्यायची आहे, असे समजा.

सोलापूरच्या उन्हाने काय फरक पडतो?

दोन बाजूंनी फरक पडतो. पहिली बाजू तापमानाची. कूलंट ११० अंशांवर आणि बाहेरची हवा १५ अंशांवर असेल, तर दोघांतला फरक ९५ अंशांचा. तीच हवा ४३ अंशांवर गेली की फरक उरतो ६७ अंशांचा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात वाहते. म्हणजे तोच रेडिएटर, तेवढीच हवा, पण काम सुमारे ३० टक्के कमी.

दुसरी बाजू हवेच्या घनतेची. सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंचीवर आहे. त्यात पारा ४३ वर गेला की हवा विरळ होते. प्रमाण मानल्या जाणाऱ्या हवेपेक्षा तिची घनता सुमारे १४ टक्के कमी भरते. विमानाच्या हिशोबाने धावपट्टी जणू १५०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर जाऊन बसते. विरळ हवेत इंजिनाची ताकद थोडी घटते, त्यामुळे उष्णताही थोडी कमी होते. पण विमान सावकाश चढते आणि पूर्ण ताकदीवर जास्त वेळ राहावे लागते.

त्यामुळे युरोपातल्या थंड हवेत व्यवस्थित चाललेला रेडिएटर इथे तसाच बसवणे म्हणजे पुण्यातल्या घराचा नकाशा सोलापुरात जसाच्या तसा बांधण्यासारखे आहे.

मग मोठा रेडिएटर बसवला की झाले?

बहुतेकांचा पहिला उपाय हाच असतो आणि गफलत इथेच होते. सोलापुरातल्या कोणत्याही घरात उन्हाळ्यात कूलर लावतात. खिडकीत मोठा कूलर लावला आणि बाकी दारे-खिडक्या बंद ठेवल्या, तर खोली थंड होत नाही, नुसती कोंदट होते. समोरची खिडकी थोडी उघडली की वारा वाहू लागतो. कूलर तोच असतो, बदललेली असते ती हवेची बाहेर पडायची वाट.

विमानाचेही तसेच आहे. वरचाच हिशोब पुढे नेऊ. कूलंटची उष्णता घेताना हवा ३० अंशांनी तापते असे धरले, तर सोलापूरच्या उन्हात सेकंदाला पाऊण ते एक घनमीटर हवा लागते. ताशी ११० किलोमीटरच्या चढाईच्या वेगात एवढी हवा मिळवायला समोरचे तोंड वहीच्या मोठ्या पानाच्या निम्म्याएवढे असले तरी कागदावर पुरते. आत जाणारी हवा हा मोठा प्रश्न नाही.

प्रश्न पुढे सुरू होतो. आत शिरलेली हवा वेगात असते. जाळीवर ती तशीच आदळली तर बरीचशी वाया जाते. म्हणून तोंडापासून जाळीपर्यंतचा बोगदा हळूहळू रुंद करायचा. हवा मंदावते, दाब वाढतो आणि ती जाळीच्या सगळ्या भागांतून सारखी जाते. जाळीतून गेल्यावर हवा तापून फुगते आणि तिचा दाबही खर्च झालेला असतो. त्यामुळे चढाईत बाहेर पडायचे तोंड आत येण्याच्या तोंडापेक्षा मोठे लागते. अनेक हौशी रचनांत नेमके उलट दिसते. समोर दिसायला ऐटबाज मोठे तोंड असते आणि मागे हवा ‘जाईल कुठून तरी’ या भरवशावर सोडलेली असते.

हवा ढकलणारा दाब असतो तरी किती?

फारच थोडा. ताशी ११० किलोमीटर वेगाने चढणाऱ्या विमानासमोर उन्हाळ्यातल्या हवेचा दाब जेमतेम ५ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. वेग ताशी २०० किलोमीटर झाला की तोच १६ सेंटिमीटरच्या आसपास जातो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे जेव्हा उष्णता सर्वाधिक, तेव्हा हवा ढकलणारा दाब सर्वांत कमी.

एवढ्या तुटपुंज्या दाबात एकही फट परवडत नाही. रेडिएटर आणि काउलिंग यांच्यामध्ये बोटभर जागा राहिली, तर हवा जाळीतून जायचे कष्ट घेत नाही, फटीतून निघून जाते. शेताचा बांध फुटल्यावर पाणी पिकाला न जाता ओढ्याला जाते, तसे. म्हणून कडेने रबराच्या पट्ट्या लावून फटी बुजवणे हे कमी खर्चाचे पण फार मोलाचे काम आहे.

रेडिएटर बसवायचा तरी कुठे?

नाकात, पंख्याच्या मागे बसवला तर जमिनीवर उभे असतानाही पंख्याचा वारा मिळतो आणि नळ्या आखूड राहतात. पण तिथे सायलेन्सर, तेलाचा कूलर आणि कार्ब्युरेटर यांची दाटी असते. एका कूलरची तापलेली हवा दुसऱ्याच्या तोंडात गेली की दोन्ही बिघडतात.

पोटाखाली बसवला तर मोकळी जागा मिळते. मात्र विमानाच्या अंगालगतची हवा मंद असते, म्हणून तोंड पृष्ठभागापासून थोडे खाली सोडावे लागते. लांब नळ्यांचे वजन वाढते आणि विमानाचा तोलही सरकतो. इंजिन आणि पंखा मागे असलेल्या विमानात अडचण आणखी वाढते, कारण जमिनीवर रेडिएटरला समोरून वारा मिळतच नाही.

पोटाखालच्या रेडिएटरचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी मस्टँग विमान. तापलेली हवा निमुळत्या तोंडातून वेगाने मागे सोडली तर रेडिएटरमुळे होणारा अडथळा बराचसा भरून निघतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये मांडले होते. मस्टँगने त्याचा उत्तम उपयोग केला. पण तो फायदा वेगासोबत वाढतो. ताशी ६०० किलोमीटरला जे साधते ते ताशी २०० ला जवळपास नगण्य असते. घरगुती विमानाला मस्टँगचे रूप देण्याचा मोह म्हणूनच आवरायला हवा. त्याचा रुंद होणारा बोगदा आणि मागची उघडझाप करणारी झडप मात्र जरूर घ्यावी. चढताना झडप उघडी, सरळ उड्डाणात अर्धी बंद.

होटगी रोडवरून उडणाऱ्या विमानाला हा त्रास का नाही?

गोव्याला जाणारे एटीआर हे टर्बाइन इंजिनाचे विमान आहे. त्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा इंजिनातूनच वाहते आणि बहुतेक उष्णता मागच्या झोतातून निघून जाते. कूलर लागतो तो मुख्यतः तेलापुरता. पिस्टन इंजिनाला ही सोय नाही.

तयार किट घेतले तर?

प्रश्न बराच सोपा होतो. मूळचे केरळचे अभियंता अशोक अलिसेरिल थामराक्षन यांनी ब्रिटनमध्ये टाळेबंदीच्या काळात चार आसनी विमान बांधले, त्याची २०२२ मध्ये देशभर चर्चा झाली. ते दक्षिण आफ्रिकी कंपनीचे स्लिंग किट होते. अशा किटमध्ये रेडिएटरची जागा आणि बोगदा आधीच उडवून तपासलेला असतो. स्वतःच्या आराखड्याने विमान बांधणाऱ्याला ती तपासणी स्वतःच करावी लागते. दोन्ही कामे कौतुकाची, पण जोखीम सारखी नाही.

करायला काय हवे?

पहिली गोष्ट, मोजमाप. वाकवलेली पारदर्शक नळी, थोडे रंगीत पाणी आणि एक मोजपट्टी एवढ्या साहित्यात जाळीच्या पुढचा आणि मागचा दाब मोजता येतो. काउलिंगवर लोकरीचे छोटे धागे चिकटवले की हवा कुठे चिकटून वाहते आणि कुठे घुटमळते ते डोळ्यांना दिसते. हा खर्च चहा-नाश्त्याएवढा आहे.

दुसरी गोष्ट, चाचणीची वेळ. डिसेंबरच्या सकाळी घेतलेली चाचणी मे महिन्याच्या दुपारची हमी देत नाही. थंडीत नोंदवलेले कूलंटचे तापमान उन्हाळ्यातल्या वाढीइतके पुढे धरून पाहावे. आजचा पारा १८ आणि कूलंट १०० वर असेल, तर ४३ अंशांच्या दुपारी ते १२५ च्या आसपास जाईल. पाणी आणि ग्लायकॉलच्या नेहमीच्या कूलंटवर या इंजिनाची मर्यादा १२० आहे. असे विमान हिवाळ्यात ‘यशस्वी’ ठरते आणि उन्हाळ्यात धोक्याचे. अमेरिकेत हौशी विमानांना प्रवासी नेण्याआधी ठरलेल्या क्षेत्रात साधारणपणे २५ किंवा ४० तास चाचणी उड्डाणे करावी लागत आली आहेत. आपल्याकडे घरगुती विमानांचे नियम आखताना तासांसोबत ऋतूचाही विचार व्हावा.

तिसरी गोष्ट महाविद्यालयांची. शर्यतीच्या छोट्या गाड्या बनवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चमूंना रेडिएटरची हीच डोकेदुखी असते. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना उन्हाळ्याची फुकट प्रयोगशाळा मिळालेली आहे. ट्रॉलीवर इंजिन, समोर पंखा आणि डोक्यावर ४३ अंश. इथे जो रेडिएटर टिकेल तो देशात कुठेही टिकेल.

यात कोणी विमान बनवू नये असे सुचवायचे नाही. उलट, अधिक जणांनी बनवावे. पण उड्डाणानंतर तिसऱ्या मिनिटाला काटा लाल पट्ट्यात गेला, तर वैमानिकासमोर दोनच पर्याय उरतात. इंजिन जळू द्यायचे किंवा ताकद कमी करून खाली उतरायला जागा शोधायची. खाली होटगी रोडची वस्ती असते. जीप चौकात कडेला घेता येते, विमान घेता येत नाही. म्हणून त्याच्या हवेच्या वाटेचा हिशोब जमिनीवरच पुरा व्हायला हवा.